एन्सफास (राष्ट्रीय विद्यार्थी आर्थिक साहाय्य योजना, दक्षिण आफ्रिका)

गरीब घरांतल्या मुलामुलींना सरकारी विद्यापीठांत व तंत्रशिक्षण महाविद्यालयांत शिकता यावे म्हणून पैसा पुरवणारी दक्षिण आफ्रिकेची सरकारी यंत्रणा. १९९१मध्ये सुरू झालेल्या एका साहाय्य निधीची जागा घेत १९९९च्या कायद्याने ती उभी राहिली. तिच्या मागे वर्णभेदी शिक्षणव्यवस्थेचा इतिहास आहे. १९५३च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीयांचे शालेय शिक्षण मुद्दाम हलक्या दर्जाचे ठेवले आणि १९५९च्या कायद्याने त्यांना गोऱ्यांच्या विद्यापीठांचे दरवाजे जवळजवळ बंद केले. १९९६च्या राज्यघटनेत मूलभूत शिक्षणाचा हक्क थेट दिलेला आहे. त्यापुढचे शिक्षण मात्र राज्याने ‘वाजवी उपायांनी, टप्प्याटप्प्याने’ उपलब्ध करायचे आहे. पुढचा सगळा वाद या सवलतीच्या शब्दांभोवती फिरत राहिला.

आरंभी एन्सफास मुख्यतः कर्ज देत असे. चांगला निकाल लागला, तर कर्जाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग शिष्यवृत्तीत बदलायचा. कागदावर ही रचना न्याय्य वाटते. पण सरकारी अनुदान विद्यार्थिसंख्येच्या मानाने वाढत नव्हते, त्यामुळे विद्यापीठे फी वाढवत गेली. पदवी अर्धवट सुटली तरी कर्ज मात्र राही, आणि ते बहुधा घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात पोचलेल्याच्या डोक्यावर असे. ऑक्टोबर २०१५मध्ये जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठाने १०.५ टक्के फीवाढ जाहीर करताच ‘फीज मस्ट फॉल’ हे आंदोलन पेटले आणि देशभर पसरले. २३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांना २०१६ची फीवाढ मागे घ्यावी लागली.

निवृत्त न्यायमूर्ती जोनाथन हेहर यांच्या आयोगाने विद्यापीठीय शिक्षणासाठी मिळकतीनुसार फेडायचे कर्ज सुचवले. झुमांनी ती शिफारस बाजूला ठेवून १६ डिसेंबर २०१७ रोजी, पक्षाचे अधिवेशन सुरू होत असतानाच, वर्षाला ३.५ लाख रँडपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना पूर्ण अनुदान जाहीर केले. आधीची मर्यादा १.२२ लाख होती. वेळ राजकीय सोयीची होती, हे उघड आहे. निर्णय तेवढ्याने चुकीचा ठरत नाही.

त्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप प्राधान्याचा आहे. २०२१च्या पर्ल्स या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत चौथीतील ८१ टक्के मुलांना वाचलेल्याचा अर्थ लावता आला नाही. मग विद्यापीठावर एवढा पैसा का ओतायचा? पदवीधर उद्या चांगले कमावणारच, हा आक्षेपही त्याला जोडून येतो. दोन्हींत तथ्य आहे. पण बालवाडी सुधारली, तर तिची फळे पंधरा वर्षांनी दिसतील. आज बारावी झालेल्या कृष्णवर्णीय मुलाला तोवर थांबवून ठेवणे म्हणजे वर्णभेदाची किंमत आणखी एका पिढीकडून वसूल करणे. उद्याच्या कमाईतून परतफेड हवी, तर प्रगतिशील आयकर हाताशी आहेच, आणि पदवी न मिळालेल्याला तो कर्जासारखा गाडत नाही.

दोष अनुदानाच्या तत्त्वात नाही, रेषेत आणि वाटपात आहे. ३.५ लाखांची मर्यादा महागाई वाढत असताना तशीच राहिली. परिणामी परिचारिका किंवा शिक्षिका असलेल्या आईच्या पगारावर चालणारे घर मदतीसाठी श्रीमंत आणि फीसाठी गरीब ठरले. तिकडे या वर्गाला ‘मिसिंग मिडल’ म्हणतात. २०२४मध्ये सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी कर्जयोजना आली, म्हणजे ज्या कर्जापासून गरिबांना सोडवले, ते त्यांच्या जेमतेम वरच्या पायरीवर आले. वाटपाची कथा आणखी वाईट. २०२३मध्ये विद्यापीठांना वगळून चार खासगी वित्तकंपन्यांमार्फत भत्ते थेट देण्याचे ठरले. पैसे रखडले, शुल्क कापले गेले. घरभाडे थकले की घरमालक दाराशी येतो, आणि अशा वेळी फी माफ असूनही शिक्षण सुटते. चौकशीनंतर मुख्याधिकारी गेले आणि एप्रिल २०२४मध्ये मंत्र्यांनी संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमला. वर्षाला सुमारे ५० अब्ज रँड वाटणाऱ्या या संस्थेने उत्पन्नाची मर्यादा दरवर्षी महागाईशी जोडावी आणि भत्ते विद्यार्थ्याला ओळखणाऱ्या विद्यापीठांमार्फत द्यावेत; कर्जाकडे परतण्याचे कारण नाही.