बेटावरचा नारळ खाण्याजोगा आहे का? किरणोत्सर्ग असा मोजतात

प्रशांत महासागरातील मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या. त्यांपैकी २३ चाचण्या बिकिनी या कंकणद्वीपावर झाल्या. पहिल्या चाचणीआधी तिथल्या १६७ रहिवाशांना दुसऱ्या बेटावर हलवण्यात आले. त्यांना परत कधी जाता येईल, हे ठरवण्यासाठी हवेतला किरणोत्सर्ग मोजणे पुरेसे नव्हते. माणूस जे खातो त्यात काय आहे, हेही तपासावे लागणार होते.

नमुने कशाचे घेतात?

१९४६ च्या चाचण्यांनंतर वॉशिंग्टन विद्यापीठातील मत्स्यशास्त्रज्ञ लॉरेन डोनाल्डसन यांच्या चमूने बिकिनीत मासे पकडून तपासायला सुरुवात केली. तिथला एक मासा फोटोच्या प्लेटवर ठेवला, तेव्हा त्याच्या शरीरातील किरणांमुळे त्याची आकृती प्लेटवर आपोआप उमटली.

पुढे शैवाल, शिंपले, खेकडे, पक्षी, उंदीर, माती, नारळ, नीरफणस आणि केवड्याच्या जातीतील पॅन्डनस फळ यांचेही नमुने घेतले गेले. चाचण्यांपासून दूर असलेल्या बेटांवरचे नमुनेही लागतात. तुलनेला काही नसेल, तर आकडा जास्त की कमी हे ठरवता येत नाही.

मोजणी कशी होते?

माशाचे मांस, यकृत, हाडे आणि आतडी वेगळी करतात, कारण प्रत्येक किरणोत्सारी पदार्थ वेगळ्या अवयवात साठतो. नमुना वाळवून किंवा जाळून त्याची राख करतात आणि ती मोजणी यंत्रात ठेवतात. गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून पदार्थ ओळखता येतो. प्लुटोनियम आणि स्ट्रॉन्शियम-९० साठी मात्र आधी रासायनिक प्रक्रिया करून ते वेगळे काढावे लागतात.

निकाल बेक्वेरेल प्रति किलो असा देतात. एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणुकेंद्राचा क्षय. वजन ओल्या नमुन्याचे की वाळलेल्या, हे नोंदवले नाही, तर आकड्याचा चुकीचा अर्थ निघतो.

समुद्र आणि जमीन यांत फरक का?

सीझियम-१३७ हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमसारखे असते. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि सीझियम पाण्यात विरून जाते. त्यामुळे माशांमध्ये ते तुलनेने कमी आढळते. सागरी जीवांमध्ये कोबाल्ट-६० आणि झिंक-६५ सारखे पदार्थ ठळकपणे दिसले.

जमिनीवर उलट घडते. प्रवाळापासून बनलेल्या मातीत चिकणमाती जवळपास नसते, म्हणून सीझियम मातीला घट्ट धरून राहत नाही. त्यात पोटॅशियमही कमी, त्यामुळे झाडे त्याच्या जागी सीझियम शोषून घेतात. ते नारळाच्या पाण्यात आणि खोबऱ्यात उतरते. नारळ खाणाऱ्या मोठ्या खेकड्यांमध्येही ते पोहोचते.

चुकीची किंमत

१९६८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बिकिनी राहण्यायोग्य असल्याचे जाहीर केले. काही कुटुंबे परतली, नव्याने नारळ लावले गेले. ती झाडे फळू लागली आणि लोकांच्या शरीरातील सीझियम वाढत असल्याचे तपासणीत दिसले. १९७८ मध्ये त्यांना पुन्हा बेट सोडावे लागले. धोका मुख्यतः स्थानिक अन्नातून येत होता, आणि लोक ते किती खातील याचा आधीचा अंदाज चुकला होता.

उपाय आहे का?

लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने बिकिनीत जमिनीला पोटॅशियमचे खत घालून पाहिले. नारळातील सीझियम मोठ्या प्रमाणात घटले. वरची माती खरवडून काढणे हा दुसरा पर्याय होता, पण त्यात सुपीक थरच निघून जातो.

सीझियम-१३७ चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षे आहे. म्हणजे १९५४ च्या 'ब्राव्हो' या सर्वांत मोठ्या चाचणीतील सीझियम आता पाव हिश्श्यापेक्षाही कमी उरले आहे. प्लुटोनियम-२३९ चा अर्धायुकाल मात्र सुमारे २४,००० वर्षे आहे. म्हणून एकदा नमुने घेऊन काम संपत नाही. बिकिनीच्या लोकांची वस्ती अजूनही तिथे परतलेली नाही.