तिखट आहे, पण किती?

बदलापूरच्या बाजारात 'ज्वाला' मागितली की बारीक, लांब, टोकाशी वळलेली, सुरकुतलेली हिरवी मिरची मिळते. एका मिरचीने डोळ्यांत पाणी येते, तर त्याच वाट्यातली दुसरी काकडीसारखी लागते. मग वर्गात प्रश्न येतो, "सर, जात एकच ना, मग असे का?" या प्रश्नाने बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधकांनाही बरेच राबवले आहे.

१९०५ साली स्थापन झालेल्या या संस्थेत निरनिराळ्या प्रांतांतल्या मिरच्या लावून पाहिल्या गेल्या. शॉ आणि खान यांनी १९२८ मध्ये भारतीय मिरचीचे प्रकार पाडून ते प्रसिद्ध केले. काम वाटते तितके सोपे नव्हते. मिरचीच्या फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, स्वपरागण होते. पण माश्या शेजारचे परागही आणून टाकतात. त्यामुळे फूल उमलण्याआधी फांदीला पिशवी बांधून, पिढ्यान् पिढ्या निवड करूनच शुद्ध वाण हाती येतो.

याच मालिकेत पुढे आर. बी. देशपांडे यांचे लेख आले. १९३३ मध्ये त्यांनी मिरचीच्या काही लक्षणांचा अनुवंश मांडला, १९३५ मध्ये तिखटपणाचा. (दरम्यान १९३४ च्या भूकंपात पुसाची इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला गेली.) तिखट आणि बिनतिखट मिरचीच्या संकराची पहिली पिढी तिखट निघते; दुसऱ्या पिढीत साधारण तीन झाडे तिखट आणि एक बिनतिखट. वाटाण्यावरचा मेंडेलचा नियमच हा!

पण ही उकल 'तिखट आहे की नाही' एवढीच. 'किती तिखट' हा प्रश्न वेगळा आहे. तेथे अनेक जनुके काम करतात. शिवाय ऊन, पाण्याची ओढ आणि फळाचे वय यांचाही हात असतो. तिखट द्रव्य बियांत नव्हे, बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते. म्हणून एका झाडाची मिरची चाखून वाणाबद्दल बोलणे धाडसाचेच.

उत्पन्नाचे आणि रोगांचेही तसेच. समजा, भातकापणीनंतर बदलापूरजवळच्या एका शेतात पाच वाण लावले. बांधाच्या खालच्या अंगाला ओल जास्त. तेथला वाण जोमदार दिसणारच. बोकड्याने एका कोपऱ्यातली झाडे आक्रसली आणि दुसऱ्या कोपऱ्यातली वाचली, तर ती प्रतिकारक्षम की केवळ नशीबवान? यावर इंग्लंडमध्ये फिशर यांनी तोडगा काढला. शेताचे पट्टे पाडावेत, प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण असावेत आणि कोणता वाण कोठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकाने ही पद्धत शेतीच्या अभ्यासकांपर्यंत नेली. मला तर यातली चिठ्ठी सर्वांत मोलाची वाटते, कारण आवडत्या वाणाला चांगली जागा देण्याचा मोह प्रत्येकालाच होतो.

एन. पी. ४६ ए आणि पुरी रेड यांच्या संकरातून 'पुसा ज्वाला' तयार झाली. ती उत्तरेकडची असली तरी महाराष्ट्रात रुजली. तरीही कोकणातल्या दमट हवेची परीक्षा वेगळीच, म्हणून दापोलीच्या विद्यापीठाने 'कोकण कीर्ती' हा वाण दिला.

आता वर्गातला प्रश्न. शेजारी ढोबळी मिरची लावली म्हणून ज्वाला यंदा सौम्य होत नाही, कारण फळाचा गाभा आईच्याच पेशींचा असतो. परागाचा परिणाम त्या फळातल्या बियांपुरताच. त्या बियांची झाडेही तिखटच निघतील. बिनतिखट झाड दिसले तर ते त्यांच्या पुढच्या पिढीत. एकाच झाडावर एक मिरची तिखट आणि दुसरी सौम्य लागली, तर आधी तिचे वय आणि झाडाला मिळालेले पाणी पाहावे.