टर्बाइनची गाडी कोणी मारली?

डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाच्या संग्रहात तांबूस-सोनेरी रंगाची एक देखणी गाडी आहे. गेल्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन मी तिच्यापुढे उभा होतो. तो बारा वर्षांचा आहे. मराठी समजतं त्याला, पण उत्तरं बहुधा इंग्रजीत येतात. त्या दिवशी मात्र त्याने मराठीत विचारलं, "आबा, ही कार ऑइल कंपन्यांनी मारली ना?"

ही गोष्ट त्याला कोणी सांगितली? त्याच्या बाबाने. आणि त्याच्या बाबाला? मी. तेव्हा वाचकहो, हा लेख म्हणजे एका निवृत्त मास्तराने उशिरा केलेली दुरुस्ती आहे, असं समजा.

ती गाडी म्हणजे १९६३ची क्रायस्लर टर्बाइन कार. तिच्याआधी इंग्लंडमध्ये सुरुवात झाली होती. दुसऱ्या महायुद्धात फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनावर रोव्हर कंपनीने काम केलं होतं. त्या अनुभवातून मार्च १९५० मध्ये रोव्हरने 'जेट-१' ही टर्बाइनवर चालणारी पहिली मोटारगाडी लोकांपुढे आणली. दोन वर्षांनी तिने बेल्जियममधल्या रस्त्यावर ताशी १५० मैलांहून अधिक वेग गाठला. ते दिवसच तसे होते. विमानांतून पिस्टन इंजिनं हद्दपार होत होती, मग मोटारीतून का होऊ नयेत?

अमेरिकेत हे स्वप्न सर्वांत नेटाने पाहिलं ते क्रायस्लरच्या जॉर्ज ह्यूबनर यांनी. १९५६ मध्ये त्यांनी टर्बाइन बसवलेली प्लिमथ गाडी न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत नेली. पुढे कंपनीने इटलीत तूरिनच्या घिया कारखान्यात खास बॉडी बनवून घेतल्या. एकूण ५५ गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या पन्नास, ऑक्टोबर १९६३ ते जानेवारी १९६६ या काळात, २०३ सामान्य चालकांना तीन-तीन महिने वापरायला दिल्या. भाडं काही नाही, इंधन तेवढं स्वतःचं. या मंडळींनी मिळून दहा लाख मैलांहून अधिक अंतर तोडलं. एवढी मोठी आणि प्रामाणिक चाचणी क्वचितच कोणी घेतली असेल.

इंजिन खरोखरच सुरेख होतं. हलते भाग साधारण साठ, नेहमीच्या इंजिनाच्या एकपंचमांश. स्पार्क प्लग एकच. थंडीत चटकन सुरू होई, थरथर जवळपास नाही. डिझेल, केरोसिन, वनस्पती तेल, काहीही चाले. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांपुढे तर ते टकीलावर चालवून दाखवलं होतं. गंमत अशी, की चालत नव्हतं ते त्या काळी पंपावर सर्रास मिळणारं शिसंमिश्रित पेट्रोल. त्याची पुटं आत साचत.

मग अडलं कुठे? टर्बाइनची रचना सोपी आहे. पुढचा कॉम्प्रेसर हवा दाबतो, मध्ये इंधन अखंड जळतं, आणि तापलेला वायू पात्यांची चाकं फिरवतो. पण त्या चाकांनी मिळवलेल्या शक्तीचा सुमारे दोनतृतीयांश भाग कॉम्प्रेसरच खातो. उरलेली आपली. इंजिन पूर्ण जोरात असताना हा हिशेब परवडतो. इंधन कमी केलं, की तापमान उतरतं, हवेचा दाब उतरतो, आणि कार्यक्षमता दोन्हीकडून घसरते.

आता तुमची रोजची गाडी आठवा. सिग्नलला उभी, शाळेच्या रांगेत उभी, हायवेवर गर्दीत सरपटणारी. क्रायस्लरचं इंजिन १३० अश्वशक्तीचं होतं. सपाट रस्त्यावर ताशी पन्नास मैलांनी जायला वीसही पुरतात. आणि गाडी उभी असतानाही त्याचं मुख्य चाक मिनिटाला सुमारे वीस हजार फेरे घेतच असे. आमच्या गावच्या गुऱ्हाळात चुलाण पेटलं, की कढईमागून कढई रस आटला पाहिजे, तरच चिपाडं सार्थकी लागत. त्याच चुलाणावर कपभर चहा करायचा म्हटलं तर? टर्बाइनकडून आपण कपभर चहाच मागत होतो.

चालकांच्या तक्रारीही यालाच धरून होत्या. शहरात इंधन फार लागतं. पॅडल दाबल्यावर सेकंद-दीड सेकंद गाडी विचार करत बसते. त्या एवढ्या वेगाच्या चाकाला आणखी वेग घ्यायला वेळ लागे. शिवाय इंजिन लहान केलं, की पाती आणि आवरण यांच्यामधली फट त्या प्रमाणात लहान करता येत नाही, आणि तिथून वायू निसटतो. उष्णता सोसणारे धातू महाग, ते वेगळंच.

चाचणीनंतर ४६ गाड्या नष्ट केल्या आणि नऊ राखल्या. संशयाचं मूळ इथेच आहे. परदेशी बॉडीवरचा आयात कर हे कारण अनेकदा सांगितलं गेलं. पण प्रायोगिक गाड्या बाजारात न सोडता मोडून टाकणं ही या धंद्याची जुनी रीत आहे. आणि मला सांगा, जास्त इंधन पिणारी गाडी तेल कंपन्या कशाला मारतील?

मग मी ती गोष्ट का सांगत राहिलो? १९७४ मध्ये मी इथे आलो तो याच विषयासाठी. अशा इंजिनात बाहेर जाणाऱ्या वायूची उष्णता परत वापरणारी एक फिरती चकती असते. तिच्यावर माझा प्रबंध. पाच वर्षं त्यात घातली. तेवढ्यात १९७०च्या प्रदूषण कायद्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादा कडक होत गेल्या, १९७३च्या तेलटंचाईने प्रत्येक गॅलनचा हिशेब मागायला सुरुवात केली, आणि १९७९ मध्ये क्रायस्लरच दिवाळखोरीच्या काठावर पोचली. तिचा मोटारींसाठीचा टर्बाइन कार्यक्रम गुंडाळला गेला. माझ्या विषयाला विचारणारं कोणी राहिलं नाही. आपलं काम कोणीतरी मारलं म्हणणं सोपं असतं. माझ्याच प्रबंधातला कमी भाराचा आलेख खाली घसरत होता, ते मी पाहत होतो, पण मुलाला सांगितलं नाही.

टर्बाइन मात्र मेलं नाही. क्रायस्लरच्याच संरक्षण विभागाने आखलेल्या एम-१ रणगाड्यात दीड हजार अश्वशक्तीचं टर्बाइन आहे. तिथेही उभ्या रणगाड्यात इंधन फार जातं म्हणून पुढच्या आवृत्त्यांत वेगळं छोटं वीजयंत्र द्यावं लागलं. ज्या विमानाने आपण मुंबईला जातो ते तासन्‌तास एका लयीत उडतं; टर्बाइनला नेमकं तेच मानवतं. तुमच्या गाडीत टर्बोचार्जर असेल तर धुराड्याच्या वाटेवर एक चिमुकलं टर्बाइन आहेच. आणि विजेवरची गाडी घेतली असेल, तर घरी चार्ज करताना तिला मिळणारी बरीचशी वीज इथल्या नैसर्गिक वायूच्या टर्बाइनांतूनच येते. तिकडे उरणलाही तेच.

हे सगळं नातवाला त्या गाडीपुढे उभं राहून सांगितलं. तो थोडा हिरमुसला; त्याला खलनायक हवा होता. मग म्हणाला, "म्हणजे इंजिन चांगलं होतं, पण काम चुकीचं होतं?" मी हो म्हटलं. घरी आल्यावर तळघरातून प्रबंध काढला आणि त्याला तो आलेख दाखवला. त्याच्या बाबालाही बोलावून घेतलं.