परित्यक्त युद्धसाहित्य

एखादी सत्ता किंवा तिचे सैन्य एखाद्या प्रदेशातून निघून जाताना जी शस्त्रे, वाहने, जहाजे व दारूगोळा मागे राहतो, त्यास परित्यक्त युद्धसाहित्य म्हणता येईल. अशा साहित्याची वासलात सामान्यतः चार प्रकारे लागते : नवी सत्ता ते वापरात घेते, निकामी करते, मोडीत विकते किंवा ते जागच्या जागी पडून राहते व कालांतराने स्मारक बनते. यांपैकी काय घडेल, हे शस्त्राच्या गुणवत्तेपेक्षा मागाहून येणाऱ्या सत्तेची गरज व तिला वाटणारी भीती यांवर अवलंबून असते. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील नळदुर्ग व परांडा या किल्ल्यांच्या इतिहासात याची बोलकी उदाहरणे आढळतात.

माघार घेणारे सैन्य हलकी शस्त्रे बरोबर नेते. अवजड तोफा मात्र तटावरच राहतात. त्या हलविण्यास भक्कम गाडे, बैलांच्या अनेक जोड्या व भरपूर वेळ लागतो. म्हणून त्या शत्रूच्या उपयोगी पडू नयेत यासाठी तोफेच्या कानात, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रात, खिळा ठोकण्याची पद्धत होती. कांस्याची तोफ वितळवून धातू पुन्हा वापरता येई. लोखंडी पट्ट्या व कडी तापवून जोडलेल्या तोफेचे तसे करणे कठीण असे.

बोरी नदीच्या काठचा नळदुर्ग बहमनी, आदिलशाही, मोगल व निजाम अशा सत्तांच्या हाती क्रमाने गेला. येथील उंच उपळी बुरुजावर हत्ती तोफ व मगर तोफ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन मोठ्या तोफा आहेत. सत्ता बदलल्या, तरी त्या बुरुजावरून हलल्या नाहीत.

याउलट परांड्याच्या एका तोफेने पुष्कळ प्रवास केला. मुहंमद बिन हसन रूमी याने १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीसाठी ओतलेली सु. ५५ टन वजनाची मलिक-ए-मैदान ही तोफ परांड्यास होती. निजामशाहीच्या अखेरच्या काळात, १६३२ मध्ये, मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरविला. १८५४ मध्ये ती लिलावात अवघ्या १५० रुपयांस विकली गेल्याचे व पुढे हा व्यवहार रद्द झाल्याचे सांगतात. जी तोफ नेण्यासाठी एका राज्याने एवढा खटाटोप केला, तिची किंमत दोन शतकांनंतर केवळ धातूपुरती उरली.

पेशवाईच्या अस्तानंतर, १८१८ च्या सुमारास, इंग्रजांनी सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांचे मार्ग व तट सुरुंगांनी उडविले आणि तेथील तोफा निकामी केल्या. कारण बंडाचा आश्रय म्हणून त्यांना या किल्ल्यांची भीती वाटत होती. निजामाच्या मुलखात तशी मोहीम झाली नाही. १८५३ च्या तहान्वये नळदुर्गचा प्रदेश इंग्रजी कारभाराखाली आला व कर्नल मेडोज टेलर हा अधिकारी १८५७ पर्यंत येथे राहिला. १८६० मध्ये हा प्रदेश निजामास परत मिळाला. येथे तोफांची भीती कोणालाच नव्हती. म्हणून त्या वाचल्या.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या पोलीस कारवाईत भारतीय सैन्याने बोरीवरील पूल अखंड ताब्यात घेऊन नळदुर्ग जिंकला. त्या चकमकीत बुरुजावरील तोफांचे लष्करी महत्त्व शून्य होते.

परकीय सत्ता कायमची निघून गेल्याची उदाहरणे पश्चिम किनाऱ्यावर मिळतात. १७३९ मध्ये वसई सोडताना पोर्तुगीज शिबंदी आपल्या शस्त्रांसह बाहेर पडली. तटावरील तोफा मराठ्यांकडे आल्या. १९६१ मध्ये गोव्यात भारतीय युद्धनौकांशी झालेल्या लढतीनंतर ‘अफोन्सो द अल्बुकर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका किनाऱ्यावर रुतली. पुढे ती मुंबईस ओढून आणून १९६३ मध्ये मोडीत काढण्यात आली. १९३४ मध्ये जलावतरण झालेल्या या जुन्या नौकेची भारतीय नौदलास गरज नव्हती.

आधुनिक काळात हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. अमेरिकी सैन्याने २०२१ मध्ये अफगाणिस्तान सोडले, तेव्हा अफगाण सैन्यास दिलेले सु. ७ अब्ज डॉलर किंमतीचे साहित्य तेथे राहिल्याचे अमेरिकी संरक्षण खात्याने नमूद केले. ते तालिबानच्या हाती पडले. अशी यंत्रे सुटे भाग व कुशल तंत्रज्ञ यांच्या अभावी लवकर निकामी होतात. बंदुका व दारूगोळा मात्र दीर्घकाळ घातक राहतो.

नळदुर्गच्या तोफांना आता शत्रू नाही. ऊन, पाऊस व गंज यांपासून त्यांचे रक्षण करणे, त्यांवर नावे खरडणाऱ्यांना आवर घालणे व त्यांच्या मोजमापांची शास्त्रशुद्ध नोंद करणे, एवढेच काम उरले आहे. त्या जागेवरून हलविल्या किंवा गंजून नष्ट झाल्या, तर उपळी बुरूज एवढा उंच का बांधला गेला, याचा पुरावाच नाहीसा होईल.