बहात्तर तासांची बॅटरी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. त्या वादळाचा तासातासाचा हिशेब हवामान खात्याकडे आहे. इथे त्याला समांतर दुसरा घटनाक्रम मांडतो आहे, तो काशीदच्या एका रिसॉर्टच्या ऑफिसात, टेबलाखाली ठेवलेल्या सर्व्हरचा. रिसॉर्ट आणि त्यातली माणसं कल्पित आहेत. सेटिंग्ज मात्र खऱ्या आहेत, बऱ्याच रेड कंट्रोलरच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या, मेनूत सापडतील.

दोन वर्षं आधी

सर्व्हरमध्ये चार डिस्क बसल्या, रचना रेड ५. चारांपैकी एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिचा मजकूर गणिताने काढता येतो. त्यासाठी लागणारी पॅरिटी चौघींवर वाटून लिहिलेली असते. पाचवा कप्पा रिकामा राहिला. तिथे हॉट स्पेअर, म्हणजे एखादी डिस्क गेली की आपोआप तिची जागा घेणारी राखीव डिस्क, हवी होती, पण कोटेशनमधून सगळ्यात आधी तीच ओळ कापली जाते.

मग राइट पॉलिसी. ‘राइट थ्रू’ निवडलं, तर मजकूर डिस्कवर उतरल्याशिवाय कंट्रोलर ‘झालं’ म्हणत नाही. ‘राइट बॅक’मध्ये तो मजकूर स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, घेतो, लगेच ‘झालं’ सांगतो आणि डिस्कवर सवडीने उतरवतो. काम भरभर होतं. मध्येच वीज गेली, तर कॅश जिवंत ठेवायला या कंट्रोलरवर छोटी बॅटरी होती. नवी असताना साधारण बहात्तर तास पुरणारी. बॅटरी खराब झाली की शहाणा कंट्रोलर आपण होऊन राइट थ्रूवर येतो.

मेनूत तिसराही पर्याय असतो: ‘ऑलवेज राइट बॅक’. म्हणजे बॅटरी असो नसो, उधारी चालू. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग अडखळतंय अशी मालकाची तक्रार होती, म्हणून हा पर्याय निवडला गेला आणि तक्रार त्याच दुपारी मिटली. त्याच पानावर ‘डिस्क कॅश: एनेबल्ड’ अशीही ओळ होती. प्रत्येक डिस्कच्या पोटात स्वतःची थोडी कॅश असते आणि कंट्रोलरची बॅटरी तिथवर पोचत नाही, हे ती ओळ सांगत नाही.

जानेवारी २०२०

खाऱ्या हवेने कनेक्टर गंजले. दोन नंबरची डिस्क संपर्क सुटून बाहेर पडली. डिस्क स्वतः ठणठणीत होती. बझर सुरू झाला.

“सर, ती पेटी ओरडतेय. गेस्ट बसलेत समोर.”

“मेनूत जा, अलार्म डिसेबल कर.”

‘सायलेन्स’ म्हणाले असते तर बझर तेवढ्यापुरता थांबला असता. डिसेबल म्हणजे कायमचा. पुढचे पाच महिने सर्व्हर तीन डिस्कवर चालला. गणित बरोबर येत असल्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही.

२५ मार्च

लॉकडाऊन. खोल्यांना कुलपं लागली, कॅमेरे मात्र रिकामा किनारा टिपत राहिले. म्हणजे कॅश क्षणभरही रिकामी नव्हती.

२ जून, दुपार

अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राचं चक्रीवादळ झालं. बांगलादेशने सुचवलेलं ‘निसर्ग’ हे नाव त्याला मिळालं. किनाऱ्यालगतच्या कच्च्या घरांतली माणसं हलवायला सुरुवात झाली. मुंबईहून मालकांचा राखणदार काकांना फोन आला. खुर्च्या आत घ्या, छत्र्या उतरवा, काचांना फळ्या ठोका. सगळं झालं. सर्व्हर रीतसर बंद करायला दोन मिनिटं लागली असती आणि तेवढ्यात कॅशमधलं सगळं डिस्कवर उतरलं असतं. पण फोनवर ते कुणी बोललंच नाही. काका संध्याकाळी शाळेत मुक्कामाला गेले.

३ जून

सकाळपर्यंत निसर्ग तीव्र चक्रीवादळ झालं होतं. ऑफिसातली वीज बाराच्या आत गेली आणि यूपीएसने वीस मिनिटं ओढून धरलं. तो बंद पडला त्याच क्षणी डिस्कच्या पोटातली कॅश गेली. कंट्रोलरची कॅश बॅटरीवर आली.

साडेबारा ते अडीच. ताशी ११० ते १२० किलोमीटरचे वारे. सुरूची झाडं आडवी, कौलं आणि पत्रे उडालेले, वाड्यांतल्या नारळी-पोफळी मोडलेल्या. खिडकी फुटली, पण टेबलाखालच्या पेटीवर थेंबही पडला नाही.

४ जून, रात्र

वादळ घाटावर जाऊन ओसरलं होतं. दोन उन्हाळे बंद खोलीत शिजलेल्या बॅटरीने जेमतेम दीड दिवस काढला. कॅश विझली. बॅटरी नवी असती तरी ६ जूनच्या दुपारी हेच झालं असतं, कारण किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. दरम्यान ५ जूनला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अलिबागला आले, रायगडसाठी शंभर कोटींची तातडीची मदत जाहीर झाली.

जूनचा तिसरा आठवडा

वीज आली. काळ्या पडद्यावर कंट्रोलरने सांगितलं की बॅटरीत अडचण होती, कॅशमधला मजकूर गेला, पुढे जायला कुठलीही कळ दाबा. इथवरचं नुकसान शेवटच्या काही सेकंदांचं होतं. चार-दोन फायली बिघडल्या असत्या, इतकंच.

सकाळी अकराला तंत्रज्ञ आला. त्याने चारही डिस्क काढल्या, कनेक्टर पुसले, परत बसवल्या. दोन नंबर जिवंत झाली. मेनूत तिच्या नावासमोर दोन पर्याय होते. रीबिल्ड, म्हणजे उरलेल्या तिघींवरून ती नव्याने लिहून काढणं. कित्येक तासांचं काम. किंवा मेक ऑनलाइन, एका क्षणाचं. कंट्रोलरने खात्री आहे का, असं विचारलंही.

“आज सुरू होईल ना, भाऊ?” मालक फोनवर.

“होईल, साहेब.”

दोन नंबरवर जानेवारीतला मजकूर होता, तिघींवर जूनमधला. कंट्रोलरला आता चौघी सारख्याच ताज्या वाटत होत्या. पडद्यावर ‘ऑप्टिमल’ असा शब्द उमटला, जो जानेवारीपासून दिसला नव्हता. हिशेबाची टॅली उघडेना. बुकिंगची फाइल उघडली, पण पानं एकमेकांत मिसळलेली.

अजूनही सगळं संपलं नव्हतं. जूनचा खरा मजकूर पॅरिटीत शिल्लक होता. दोन नंबर उपसून काढली असती, तर तिघींनी तो गणिताने पुन्हा उभा केला असता.

दुपारी सव्वा एकला तंत्रज्ञाने कन्सिस्टन्सी चेक लावला. नाव तपासणीचं असलं, तरी विसंगती दिसली की हा चेक डेटा खरा धरतो आणि पॅरिटी त्याच्याशी जुळवून नव्याने लिहितो. एक टक्का, दोन टक्के. दोन नंबरवर पॅरिटीऐवजी डेटा होता अशा ओळी रेड ५ मध्ये चारांत तीन. त्यांतली जी ओळ जानेवारीनंतर बदलली होती, तिची उरलेली एकमेव खरी आवृत्ती पुसत चेक पुढे सरकत राहिला. रात्री साडेनऊला शंभर टक्के झाले.