डिसेंबर २००७ : एक मंदी आणि एक जुना फॉर्म

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण श्रोता जिन्यात भेटला. आयटीत नोकरी करतो. म्हणाला, "सर, मंदीची नुसती चाहूल लागली तरी आमच्या विभागाच्या खर्चाला पहिली कात्री लागते. वर साहेब म्हणतात सुरक्षा वाढवा. दोन्ही एकदम कसं जमायचं?" आता मी पडलो तत्त्वज्ञानाचा माणूस. आमच्याकडे उत्तरं कमी, उदाहरणं जास्त. तेव्हा आज एक उदाहरण सांगतो.

अमेरिकेत मंदी कधी सुरू झाली, कधी संपली, याच्या तारखा नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था ठरवते. तिने १ डिसेंबर २००८ला जाहीर केलं की मंदी डिसेंबर २००७मध्येच सुरू झालेली आहे. म्हणजे बघा, लेहमन ब्रदर्स बुडून अडीच महिने झाले होते, आणि मंदी मात्र वर्षभर आधीच घरात येऊन बसली होती.

त्याच डिसेंबर २००७मध्ये आणखी कोणीतरी एका घरात शिरलं. आरोपपत्रातली तारीख २६ डिसेंबरच्या सुमाराची आहे. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनची हार्टलँड पेमेंट सिस्टिम्स ही ती कंपनी. दुकानात आपण कार्ड घासतो तेव्हा दुकान आणि बँक यांच्यामध्ये निरोप पोहोचवणारा एक मध्यस्थ असतो. हार्टलँडचा धंदा तो. महिन्याला सुमारे १० कोटी व्यवहार तिच्यातून जात. आणि या चोरीचाही पत्ता लागायला वर्ष गेलं.

चोर आले कुठून? वेबसाइटवरच्या एका फॉर्ममधून. त्याचा कोड आठ वर्षं जुना होता. तंत्राचं नाव एसक्यूएल इंजेक्शन, पण नावाला घाबरू नका. समजा, बँकेच्या स्लिपवर नावाच्या रकान्यात कोणी लिहिलं, 'तिजोरी उघडा', आणि कारकुनाने ते नाव न समजता हुकूम समजून खरंच तिजोरी उघडली! भोळा प्रोग्राम अगदी हेच करतो. हा फॉर्म कंपनीच्या कार्यालयीन नेटवर्कवर होता, कार्डांच्या नेटवर्कवर नव्हे. पण आत शिरलेल्यांना घाई नव्हती. जवळजवळ सहा महिने ते लपूनछपून एका नेटवर्कवरून दुसऱ्याकडे सरकत राहिले. शेवटी जिथून कार्डांचे नंबर उघडेवाघडे वाहत होते, तिथे त्यांनी कान लावणारा एक प्रोग्राम बसवला.

आणि आता गंमत ऐका. कार्डउद्योगाचे सुरक्षेचे जे नियम आहेत, ते हार्टलँड पाळते असं प्रमाणपत्र तिला एप्रिल २००८मध्ये मिळालं. चोर तेव्हा आत होता! तपासनीस लबाड होते असं मी म्हणत नाही. त्यांना काही दिसलं नाही, एवढंच.

इथे मला कुमारिल भट्टांची आठवण होते. त्यांच्या परंपरेतले मीमांसक 'अनुपलब्धी' हे ज्ञानाचं एक साधन मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. पण त्याला अट आहे, बरं का: घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. हार्टलँडच्या वार्षिक तपासण्यांमध्ये त्या फॉर्ममधली चूक कधीच सापडली नव्हती. सापडली नाही म्हणून ती नाही, असं सगळे धरून चालले.

ऑक्टोबर २००८च्या अखेरीस व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी संशयाचा इशारा दिला. तरीही तो प्रोग्राम हाती लागायला जानेवारी उजाडला. २० जानेवारी २००९ला कंपनीने चोरी जाहीर केली, म्हणजे ओबामांच्या शपथविधीच्या दिवशी! बातमी दडावी म्हणून हा मुहूर्त काढला, असा आरोप तेव्हा झाला. शेअर कोसळला. मार्चमध्ये व्हिसाने कंपनीला नियम पाळणाऱ्यांच्या यादीतून काही काळ वगळलं. त्यांची भूमिका अशी, की जिथे चोरी झाली ती कोणतीच कंपनी चोरीच्या वेळी नियम पाळत नव्हती. तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला असली विधानं फार आवडतात. ती कधी खोटी ठरूच शकत नाहीत.

त्या मंदीत काटकसरीचा राजमार्ग होता व्हर्च्युअलायझेशनचा. एकेका कामाला एकेक सर्व्हर, आणि तो बहुतेक वेळ रिकामाच गरगरतोय, ही स्थिती होती. व्हीएमवेअरसारख्या सॉफ्टवेअरने असे अनेक सर्व्हर एकाच यंत्रावर मावू लागले. वीज वाचली, एसी वाचला, जागा वाचली. खरीखुरी बचत होती ती. पण नवं आभासी यंत्र काढणं इतकं सोपं झालं, की काढलेली यंत्रं विसरली जाऊ लागली. विसरलेलं यंत्र म्हणजे तो जुना फॉर्मच की.

हार्टलँडने मात्र त्याच मंदीत, खटले अंगावर असताना, वेगळी वाट धरली. प्रमुख रॉबर्ट कार यांनी चोरांचा प्रोग्राम थेट स्पर्धक कंपन्यांना दाखवला, म्हणजे त्यांनाही आपापल्या घरात शोधता यावं. धंद्यात हे सहसा घडत नाही. आणि कार्ड घासल्याक्षणीच नंबर कूटबद्ध व्हावा अशी यंत्रणा त्यांनी बांधायला घेतली. यातली खुबी लक्षात घ्या. गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरला खरा नंबर दिसतच नाही, मग दुकानदाराला त्याची राखण कमी करावी लागते, आणि तपासणीचा खर्चही घटतो. पहारेकरी कमी करणं ही एक काटकसर झाली. राखायची वस्तूच घरात न ठेवणं ही दुसरी.

एकट्या व्हिसाबरोबरच्या तडजोडीत हार्टलँडने जानेवारी २०१०मध्ये ६ कोटी डॉलरपर्यंत देण्याचं कबूल केलं. सूत्रधार अल्बर्ट गोन्झालेझला त्या मार्चमध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. हा गृहस्थ पूर्वी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा खबऱ्या होता! असा फॉर्म दुरुस्त करायला प्रोग्रामरला सहसा फार वेळ लागत नाही. तो शोधायला लागतो, आणि मंदीत नेमका शोधणाऱ्याचाच पगार वाचवला जातो.

जिन्यात मी त्या मुलाला एवढंच म्हणालो होतो, "कात्री लागण्याआधी तूच यादी कर. कुठले फॉर्म, कुठली यंत्रं, कुठला डेटा आता कोणालाच नको आहे, तो आधी काढून टाक."

तो हसला. म्हणाला, "सर, आमच्याकडे काय काय चालू आहे, याचीच यादी नाही."