फुगा, जाळी आणि गोळीची पट्टी

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा आम्ही सदाशिव पेठेतल्या अख्ख्या वाड्याला पेढे वाटले होते. पाचव्या महिन्यात बाबा पुन्हा आयसीयूत. जाळीत रक्ताची गुठळी झाली होती. मी मनातल्या मनात डॉक्टरांना दोष देऊन मोकळा झालो. पुढे या उपचाराचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की रुग्ण परत का येतात, या प्रश्नानेच हा उपचार घडवला आहे.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी एका ३८ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयधमनीत छोटा फुगा फुगवून अडथळा दूर केला. ती धमनी दहा वर्षांनीही उघडी होती. सगळेच इतके नशीबवान नव्हते. फुगा काढल्यावर धमनी आक्रसायची, आतल्या जखमेवर नव्या पेशी वाढायच्या. साधारण तिघांतल्या एकाची धमनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची.

म्हणून १९८६ मध्ये धातूची जाळी आली, म्हणजे स्टेंट. आक्रसणं थांबलं, पण पेशी जाळीतून वाढतच राहिल्या. २००० नंतर जाळीवर पेशींची वाढ रोखणारं औषध लावलं गेलं. आता पेशी इतक्या सावकाश वाढू लागल्या की धातू जास्त काळ उघडा राहायचा, आणि उघड्या धातूवर रक्त गोठतं. त्यावर उपाय म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीची दुसरी गोळी जास्त काळ चालू ठेवावी लागली. ती सहसा सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागते.

परत येणाऱ्या प्रत्येकाचं कारण हेच नसतं. जाळी एकाच जागेचा अडथळा हटवते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू तसेच राहिले तर दुसरीकडे अडथळा तयार होतो. कुणाचं हृदयच कमजोर झालेलं असतं, कुणाला याच गोळ्यांमुळे रक्तस्राव होतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली. त्याआधी ती लाखाच्याही वर जायची. जाळी स्वस्त झाली. तिला सांभाळणारी गोळी रोज घेणं मात्र घरच्यांकडेच राहिलं.

आमच्या डिस्चार्ज कार्डावर ते स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही बिल दोनदा वाचलं, कार्ड एकदाही नाही. बाबांना बरं वाटत होतं, म्हणून पट्टी संपल्यावर त्यांनी दुसरी आणलीच नाही. मीही विचारलं नाही.

आता दर महिन्याला पट्टी मीच आणतो. बाबा विचारतात, "अजून किती दिवस रे?"

"डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत," मी सांगतो, आणि पाण्याचा ग्लास पुढे करतो.